रक्त येते तिथेच ब्रश फिरवा

प्रश्न : मी ४७ वर्षांची असून ठाण्यात वर्तकनगरला राहते आणि ऐरोलीतील एका कार्यालयात हिशेब विभागात नोकरी करते. गेले चार-पाच महिने सकाळी ब्रश करताना खालच्या पुढच्या दातांच्या हिरड्यांतून रक्त येते, बेसिनमधला फेस गुलाबी दिसतो, पण दुखत काहीच नाही. ब्रश टोचत असावा असे वाटून मी त्या भागात ब्रश फिरवणे बंद केले आहे. तिथे बोटाने मीठ-हळद लावते आणि तुरटीच्या पाण्याने चुळा भरते. दोन-चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. दंतवैद्यांनी दात साफ करून घ्यायला सांगितले, परंतु तसे केल्यावर आपल्या दातांत फटी पडल्या आणि दात हलू लागले, असे माझ्या जाऊबाई सांगतात. मला दोन वर्षांपासून मधुमेहाची गोळी आणि रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू आहे. सी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हे थांबेल का? सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, रोज मिश्री लावतात आणि त्यांच्या हिरड्यांतून कधी थेंबभर रक्त आलेले नाही. त्यामुळे घरात मलाच ऐकून घ्यावे लागते.

उत्तर : तुमचे पत्र नीट, क्रमवार लिहिलेले आहे आणि दंतवैद्याला लागणारी जवळजवळ सगळी माहिती त्यात आहे. त्यातले एक वाक्य मात्र मला थांबवून गेले. रक्त येते म्हणून तुम्ही त्या जागी ब्रश फिरवणे बंद केलेत, आणि तुमचा त्रास चार-पाच महिने टिकून राहण्याचे सर्वांत मोठे कारण बहुधा हेच आहे. ब्रश लागल्याने निरोगी हिरडीतून असे रोज रक्त येत नाही. हिरडी आधीच सुजलेली असते, तिच्यातल्या रक्तवाहिन्या फुगून पृष्ठभागाजवळ आलेल्या असतात, वरचे आवरण पातळ झालेले असते, आणि अशा हिरडीला ब्रशचा नुसता स्पर्श झाला तरी ती रक्त सोडते. म्हणजे ब्रशने जखम केली असे नसून आत असलेली सूज त्याने उघडी पाडली आहे. त्याच जागी तो फिरवायचा बंद केला की सुजेला खतपाणीच मिळते.

ही सूज येते कशाने, ते थोडे सविस्तर सांगते, कारण पुढचा सगळा उपचार त्यावर उभा आहे. दात घासल्यानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा एक चिकट, फिकट थर पुन्हा बसू लागतो. त्याला प्लाक म्हणतात. दुपारी नख दाताच्या मुळाशी फिरवले तर नखात जो पांढुरका साका येतो, तोच हा. तो हिरडीच्या कडेला साचून राहिला की शरीर त्याच्याशी झुंजण्यासाठी त्या भागाकडे जास्त रक्त पाठवते, हिरडी फिकट गुलाबीची लाल होते, तिची धारदार कड गोल आणि फुगीर होते. डेन्मार्कमधील दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आम्हाला शिकताना हटकून सांगितला जातो. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांनी दात घासणे पूर्णपणे थांबवले. १० ते २१ दिवसांत त्या प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा नीट दात घासायला लागल्यावर आठवडाभरातच त्या पूर्ववत झाल्या. कोणते औषध नाही, मलम नाही, जीवनसत्त्व नाही. हा टप्पा पूर्णपणे परतवता येतो, हे तुमच्या दृष्टीने या प्रयोगातले महत्त्वाचे.

पण तुमच्या बाबतीत मधे चार-पाच महिने गेलेले आहेत, आणि प्लाक इतके दिवस मऊ राहत नाही. लाळेतले क्षार त्यात बसू लागतात आणि साधारण दीड-दोन आठवड्यांत त्याचे कडक कीटण होते. आता एक करून पाहा. जिभेचे टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूने, अगदी हिरडीजवळून, आडवे फिरवा. तिथे दात काचेसारखा गुळगुळीत न लागता दगडासारखा खरखरीत लागला, दोन दातांमधली फट जिभेला जाणवेनाशी झाली असेल, तर ते कीटण आहे. ते नेमके तिथेच का साचते, याचेही कारण आहे : जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे बरोबर त्या दातांच्या मागे उघडतात, त्यामुळे क्षारांचा पुरवठा तिथे सतत चालू असतो. वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूलाही याच कारणाने ते लवकर चढते. हे कीटण ब्रशने निघत नाही, कितीही जोर लावला तरी निघत नाही. जोर लावला तर हिरडी मात्र खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते.

मीठ, हळद आणि तुरटी यांच्याविषयी माझे मन कडवट नाही. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून भरलेल्या चुळांनी सुजलेल्या हिरडीला खरोखरच आराम पडतो. हळदही सूज थोडीफार उतरवते. तुरटी वेगळ्या रीतीने चालते. ती आकुंचन करणारी आहे, दाढी करताना कापले की न्हावी ती का फिरवतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. बारीक रक्तवाहिन्या तिने तात्पुरत्या आक्रसतात आणि रक्त थांबते, परंतु खाली कीटण आणि त्यावरचे जंतू जिथल्या तिथे असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. औषधाच्या दुकानातून आणलेल्या, हिरड्यांना लावायच्या गम पेंटचेही तेच, आणि दुकानदाराला विचारून घेतलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांचे तर त्याहून वाईट. त्या या कामासाठी स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नयेत. हळद-मीठ लावायचेच असेल तर चोळू नका. भरड मीठ किंवा राखुंडी बोटाने दातांवर घासत राहिल्यास हिरडीजवळच्या भागात खाचा पडतात, आणि त्या भरून काढण्याचे काम पुढे आमच्याकडेच येते.

आता जाऊबाईंच्या अनुभवाकडे येते, कारण तुमचे पाऊल खरे तर तिथेच अडले आहे. त्या खोटे सांगत नाहीत. दात साफ केल्यावर फटी दिसतात आणि काही वेळा दात हललेलेही जाणवतात, हे दोन्ही खरे आहे. चूक आहे ती कारण जोडण्यात. वर्षानुवर्षे साचलेले कीटण दातांच्या मधल्या जागा भरून टाकते. त्याच काळात त्याच्याखालची हिरडी आणि दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू खाली सरकत असते, मात्र हे वरून दिसत नाही, कारण ती पोकळी कीटणाने बुजलेली असते. ते काढले की आधीपासून असलेली फट उघडी पडते, आणि सुजलेली हिरडी उतरून मूळ जागी बसते तेव्हा ती आणखी ठळक होते. दात हलण्याचेही तसेच : हाड झिजल्यावरही कीटणाच्या दगडाने शेजारशेजारचे चार-पाच दात एकमेकांना सिमेंटने जोडल्यासारखे धरून ठेवलेले असतात. माझ्या नौपाड्यातल्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक येत असत. त्यांच्या खालच्या सहा दातांमागे कीटणाची सलग भिंत होती आणि दात साफ करून घ्यायला त्यांनी सात वर्षे नकार दिला होता, जाऊबाईंसारखेच कोणीतरी त्यांना घाबरवले होते म्हणून. अखेर साफ केले तेव्हा दोन दात गेलेलेच होते. ही सफाई, म्हणजे स्केलिंग, सात वर्षे आधी झाले असते तर ते बहुधा राहिले असते, असे मी त्यांना त्या वेळी म्हटले नाही, कारण त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. तुम्हाला आहे.

स्केलिंगचे यंत्र दात खरवडत नाही. त्याचे बारीक टोक सेकंदाला हजारो वेळा कंप पावते, पाण्याचा फवारा सतत चालू असतो, आणि त्या कंपनाने कीटणाचे तुकडे सुटून पडतात. नंतर काही दिवस गार पाणी दातांना झोंबते, कारण इतके दिवस कीटणाखाली झाकलेला भाग प्रथमच उघडा पडलेला असतो. हे आपोआप कमी होते. एकदा केले की दर सहा महिन्यांनी करावेच लागते, अशी जी समजूत आहे तीही उलटी आहे. कीटण आपल्या सवयीने चढते, मागच्या स्केलिंगमुळे नव्हे.

दंतवैद्याकडे जाल तेव्हा थेट सफाईला न बसता आधी हिरड्यांची खोली मोजायला सांगा. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत अलगद उतरवतात आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी आकडा घेतात. डॉक्टर "तीन, दोन, तीन" असे म्हणत जातात आणि सहायक लिहून घेते. एक ते तीन मिलिमीटरपर्यंत खोली असेल आणि क्ष-किरण चित्रात हाड ठीक दिसत असेल तर ही नुसती हिरड्यांची सूज आहे आणि सफाई व नीट ब्रश एवढ्यावर ती जाईल. आकडे चार, पाच, सहा असे येऊ लागले आणि हाडाची उंची कमी झालेली दिसली, तर त्याला पायोरिया म्हणतात. मग हिरडी बधिर करून मुळांपर्यंत खोलवर सफाई करावी लागते, कधी छोटी शस्त्रक्रियाही. गेलेले हाड बहुतेक वेळा परत येत नाही, जे उरले आहे ते टिकवता येते. पायोरियाही पुष्कळदा दुखत नाही, म्हणून "दुखत काहीच नाही" या तुमच्या वाक्याने मला दिलासा वाटला नाही.

मधुमेहाचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण तो या प्रकरणात मधोमध बसलेला आहे. रक्तातली साखर वाढलेली राहिली की हिरड्यांची जंतूंशी झुंजण्याची आणि भरून येण्याची ताकद कमी होते. आणि हिरड्यांमध्ये दीर्घकाळ सूज राहिली की तिच्यामुळे इन्सुलिनचे काम अवघड होऊन साखर आटोक्यात येत नाही. दोन्ही बाजूंनी चालणारा हा व्यवहार आहे. पायोरिया असलेल्या मधुमेही रुग्णांच्या हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा) सरासरी ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरल्याचे दिसून आले आहे. हा आकडा दिसायला लहान आहे, पण हिशेब विभागातल्या व्यक्तीला लहान आकड्यांचे मोल मी सांगायला नको. शेवटचा एचबीए१सीचा अहवाल तीन महिन्यांहून जुना असेल तर दंतवैद्याकडे जाण्याआधी तो नव्याने करून घ्या आणि कागद सोबत न्या. त्या दिवशी न्याहारी आणि गोळी दोन्ही वेळेवर घ्या. उपाशी जाऊन खुर्चीत चक्कर येणारे रुग्ण आम्ही बरेच पाहिले आहेत.

अ‍ॅम्लोडिपिनविषयी थोडेसे. या गोळीने काही थोड्या लोकांच्या हिरड्या वाढतात, दातांच्या मधल्या भागात हिरडीचे फुगवटे दिसू लागतात, आणि प्लाक जितका अधिक तितकी ही वाढ अधिक. तसे दिसले तर दंतवैद्य तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतील आणि ते दुसरी गोळी सुचवू शकतील. सध्याची गोळी तुम्ही स्वतः एक दिवसही बंद करू नका. घरात कोणी रक्त पातळ ठेवण्यासाठी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन घेत असेल तर त्यांच्यासाठीही हेच लागू आहे. रजोनिवृत्तीच्या आसपास संप्रेरकांच्या चढउतारामुळेही हिरड्या थोड्या हळव्या होतात, पण ते एकटे कारण क्वचितच असते.

आता ब्रश. मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या. सध्याचा ब्रश तीन महिन्यांहून जुना असेल किंवा त्याचे केस बाहेरच्या बाजूला फाकलेले असतील तर तो आजच बदला. तो मुठीत न धरता पेन धरावे तसा बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी पडतो. केसांची टोके दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर, हिरडीकडे तिरपी, साधारण ४५ अंशांत टेकवा आणि जागच्या जागी अगदी थोडे थरथरवल्यासारखे हलवा. मग दाताच्या टोकाकडे झाडल्यासारखा ब्रश ओढा आणि पुढच्या दोन दातांवर जा. आडवे खसाखसा घासू नका. खालच्या पुढच्या दातांमागे ब्रश आडवा मावत नाही, म्हणून तो उभा करून त्याच्या टोकाचे केस त्या खरखरीत जागेपर्यंत न्या. ही तुमची रक्त येणारी जागा आहे आणि बहुतेकांची राहून जाणारी जागाही तीच. सगळे मिळून दोन मिनिटे लागतात. एकदा घड्याळ लावून पाहा, लोकल गाठायच्या घाईत बहुतेकांचा हात मिनिटाच्या आतच थांबतो. म्हणून मी सकाळपेक्षा रात्रीच्या ब्रशवर अधिक भर देते. तेव्हा ऐरोलीची गाडी चुकायची नसते, आणि झोपेत लाळ कमी होत असल्याने जंतूंना रात्रभर मोकळे रान मिळते. दोन दातांच्या मधल्या जागेत ब्रश पोहोचत नाही. तिथे दिवसातून एकदा दातांचा धागा, किंवा फटी असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा चिमुकला ब्रश वापरा. सुरुवातीच्या आठवड्यात रक्त येईल, कदाचित आधीपेक्षा जास्तही. थांबू नका. सफाई झालेली असेल तर एक-दोन आठवड्यांत ते कमी होत जाईल.

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा माउथवॉश दंतवैद्यांनी लिहून दिला तर तो साधारण दोन आठवडेच वापरायचा असतो, आणि टूथपेस्टनंतर अर्ध्या तासाने, नाहीतर तो निष्प्रभ होतो. महिनोन्महिने वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जेवणाची चव बिघडते.

सी जीवनसत्त्वाची गोष्ट खरी आहे, पण तुमच्यासाठी नाही. लांबच्या सफरीवरच्या खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त येई, दात गळत, आणि १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील वैद्याने १२ आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले तेव्हा संत्री आणि लिंबे मिळालेले दोघेच झपाट्याने बरे झाले. महिनोन्महिने ताजे फळ न पाहिलेल्या माणसांचा तो आजार होता. वरणावर लिंबू पिळणाऱ्या, कोथिंबीर वापरणाऱ्या, मोसमात पेरू आणि आवळा खाणाऱ्या घरात तो सहसा होत नाही. १०० ग्रॅम पेरूतच २०० मिलिग्रॅमच्या आसपास सी जीवनसत्त्व असते. एकटे राहणारे, चहा-बिस्किटे आणि मऊ भातावर भागवणारे वृद्ध मात्र याला अपवाद असू शकतात. गोळी घेतली म्हणून कीटण विरघळत नाही, आणि चघळायच्या आंबट गोळ्या दिवसभर तोंडात ठेवल्या तर दातांचे आवरण झिजते. पेरू खा, साखरेच्या हिशेबात बसेल तेवढा.

क्वचित प्रसंगी हिरड्यांतले रक्त हिरड्यांचे नसते. ब्रश न लागताही रक्त झिरपते, उशीवर डाग दिसतात, नाकातूनही रक्त येते, अंगावर न आपटता निळे-काळे डाग उठतात, थकवा आणि वजन घटणे सोबत आहे, असे काही असेल तर दंतवैद्याआधी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची संपूर्ण तपासणी करून घ्यावी. प्लेटलेट कमी होणे, यकृताचे विकार आणि रक्ताचा कर्करोग यांची सुरुवात अशी होऊ शकते. आणि आपल्याकडे पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत ताप असताना किंवा ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत हिरड्यांतून रक्त आले, तर तो डेंग्यूचा धोक्याचा इशारा समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज अ‍ॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये. तुमच्या पत्रात यातले काहीच नाही.

खर्चाचा विचार असेल तर ठाण्याहून तुमच्याच मार्गावरची गाडी पुढे नेरूळला जाते आणि तिथे, तसेच खारघर आणि कामोठे येथे दंतमहाविद्यालये आहेत. मुंबईत मुंबई सेंट्रलचे नायर दंत रुग्णालय आणि सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ अधिक लागतो, पण मोजमाप काटेकोर होते. हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो; केसपेपर काढताना तोच सांगा.

राहता राहिल्या सासूबाई. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच, हे त्यांना माहीत असणार. तंबाखूतल्या निकोटीनने हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे ठळकपणे दिसते : आत हाड झिजत असते, खोली पाच-सहा मिलिमीटरवर गेलेली असते आणि हिरडी मात्र फिकट, घट्ट, रक्त न येणारी राहते. मिश्रीतही निकोटीनच आहे, तेव्हा थेंबभर रक्त न येणे हा त्यांच्या हिरड्या चांगल्या असल्याचा पुरावा धरता येत नाही. याशिवाय मिश्रीचे बोट रोज जिथे फिरते तिथे, खालच्या ओठाच्या आत आणि गालाच्या कडेला, पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण, तोंड उघडायला होणारी अडचण यांपैकी काही आहे का, हे दंतवैद्याने आरशाखाली पाहणे रक्तापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. तुमच्यासाठी वेळ घ्याल तेव्हा त्यांच्यासाठीही घ्या, आणि वाद टाळण्यासाठी हवे तर "मला सोबत हवी आहे" असे सांगून न्या. एक गोष्ट आधीच त्यांच्या कानावर घालून ठेवा. तंबाखू सोडल्यावर रक्तवाहिन्या पुन्हा मोकळ्या होतात आणि काही आठवडे हिरड्यांतून रक्त येऊ शकते. मिश्री सोडली म्हणूनच हा त्रास सुरू झाला, असे समजून पुष्कळ जणी तेव्हा डबी पुन्हा उघडतात.